नळ्यांची तपासणी : भीती नको, दोषारोपही नको

लग्नाला दोन वर्षे झाली की चाळीत, वस्तीत एकच प्रश्न सुरू होतो, "काय, काही गोड बातमी?" चार वर्षे झाली की प्रश्न संपतो आणि निकाल लागतो. सुनेतच काहीतरी खोट आहे! मग कुणी अंगारा आणून देते, कुणी नवस सुचवते. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि सुनेच्या दंडाला मात्र काळा दोरा! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या समाजाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या अशा वेळी कुठे जातात, हे आपणच आपल्याला विचारले पाहिजे.

कारणावाचून काही घडत नाही, ही बुद्धाची शिकवण. मूल न होण्यालाही कारण असते आणि ते बहुतेक वेळा शोधता येते. त्या शोधातली एक महत्त्वाची पायरी म्हणजे गर्भनलिका, ज्याला आपण ट्यूब किंवा नळ्या म्हणतो, त्या मोकळ्या आहेत की बंद हे पाहणे. या तपासणीचे नाव काढले की आपल्या भगिनी घाबरतात. म्हणून तिची माहिती येथे देत आहोत.

नळीचे काम काय?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. लांबी साधारण १० ते १२ सेंटीमीटर. गर्भाशयाजवळ आतली वाट मात्र जेमतेम एक मिलिमीटरची. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची गाठ या नळीतच पडते आणि तयार झालेला गर्भ काही दिवसांनी गर्भाशयात उतरतो. दोन्ही नळ्या बंद असतील तर ही गाठच पडत नाही. पाळी मात्र वेळेवर येत राहते, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

नळी बंद होते ती मुख्यतः जंतूंमुळे. आडमार्गाने केलेला गर्भपात, बाळंतपणानंतर झालेला संसर्ग, अंगावर काढलेला गुप्तरोग, पोटात फुटलेले अपेंडिक्स ही त्याची कारणे. गुप्तरोग पुष्कळदा नवऱ्याकडून येतो, म्हणून औषध दोघांनीही घ्यायचे असते.

आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे, ते म्हणजे टीबी. फुप्फुसातले जंतू रक्तावाटे नळ्यांत जाऊन बसतात. बाईला खोकला नसला तरी. दाटीची वस्ती, कोंदट खोली, अपुरे अन्न असेल तिथे हा रोग फोफावतो, म्हणजे कष्टकऱ्यांच्या घरांत. तेव्हा स्वतःला किंवा घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. सरकारी कार्यक्रमात टीबीची औषधे मोफत मिळतात. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. मात्र उशीर झाला तर औषधाने जंतू मरतात, पण व्रण धरून बंद झालेली नळी उघडेलच असे नाही. लवकर जाण्याचे महत्त्व ते हेच.

आधी नवऱ्याची तपासणी

वर्षभर एकत्र राहून दिवस गेले नाहीत, किंवा पस्तिशी उलटल्यावर सहा महिने वाट पाहूनही गेले नाहीत, तर दोघांनी मिळून दवाखान्यात जावे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचेही कारण असते. वीर्याची तपासणी स्वस्त आहे आणि तिला सुई टोचावी लागत नाही. तरीही बायकोच्या सगळ्या तपासण्या होतात आणि नवरोबा "मला काय धाड भरलीय?" म्हणून दाराबाहेर बसतात. हे न्यायाचे नाही. आधी त्यांचा रिपोर्ट, मग बाईच्या नळ्या, हाच क्रम शहाणपणाचा.

तपासणी कशी होते?

या तपासणीला एचएसजी म्हणतात. पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती करतात. पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध ठेवू नये, म्हणजे पोटात गर्भ असण्याची शंका राहत नाही. ताप असेल, अंगावरून घाण वासाचे जात असेल, पूर्वी एखाद्या औषधाची किंवा एक्स-रेच्या डायची ॲलर्जी झाली असेल, तर आधीच सांगावे. तासभर आधी दुखणे कमी करणारी गोळी देतात.

एक्स-रेच्या टेबलावर झोपवून गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळीने डाय सोडतात आणि फोटो काढतात. डाय दोन्ही टोकांतून पोटात सांडलेला दिसला तर नळ्या मोकळ्या. दहा-पंधरा मिनिटांचे काम. पाळीत येते तशी कळ येते, काहींना जास्त येते. दुखले तर स्पष्ट सांगावे, लाजू नये. कापाकापी नाही, भूल बहुधा लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. एक-दोन दिवस थोडे डाग लागतात. ताप आला, रक्त फार गेले किंवा पोट फार दुखले तर लगेच दवाखाना गाठावा.

एक चांगली गोष्टही सांगतो. नेदरलँडमध्ये १,११९ स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेलाचा डाय वापरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना सहा महिन्यांत दिवस गेले. पाण्याचा डाय वापरलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. कोणता डाय योग्य, ते डॉक्टर ठरवतील. आपण विचारायला हरकत नाही.

रिपोर्ट आल्यावर

एक नळी बंद निघाली तरी दुसरीने दिवस जाऊ शकतात. दोन्ही गर्भाशयाजवळ बंद दिसल्या तरी धीर सोडू नये. कधी कधी कळ येऊन नळी तेवढ्यापुरती आवळते आणि बंद भासते. खात्रीसाठी दुर्बिणीची तपासणी करतात. खरोखरच बंद असल्या तर काही वेळा शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, नाहीतर टेस्ट ट्यूबचा मार्ग असतो. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या आईच्या नळ्या बंदच होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी १९८६ साली हे यश मिळवले. हा उपचार खर्चाचा आहे. कर्ज काढण्यापूर्वी सरकारी वा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करावी.

आणि मूल झालेच नाही तर? जोतीराव आणि सावित्रीबाई यांना मूल नव्हते. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला, तो जोतीरावांनी झुगारला. त्यांनी यशवंतला दत्तक घेतले, तो डॉक्टर झाला. आज कुणी मुलासाठी दुसरी आणण्याची भाषा करत असेल तर त्याने ऐकावे : १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली हयात आणि संसारात असताना दुसरे लग्न बेकायदा आहे, तो गुन्हाही आहे आणि मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण ठरत नाही. मूल देतो म्हणून दैवी शक्तीच्या नावाने बाईला नासवणाऱ्या भोंदूसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभासाठी बाबासाहेब उभे राहिले. त्यांच्या लेकींना घरात मूल नाही म्हणून बारशाला मागे उभे करणे आपल्याला शोभत नाही. सासूबाईंनो, सुनेच्या दंडावरचा दोरा आधी सोडा. मग मुलाला आणि सुनेला, दोघांनाही, बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

जयभीम!