दिवस वाढतो, मग सकाळ लवकर का होत नाही?

अनुमान कसं करावं आणि ते कुठे फसतं, हा तर्कशास्त्रातला जुना प्रश्न आहे. आज आपण तो आकाशाकडे बघत समजून घेऊ या. विषय अगदी रोजचा आहे: सूर्य केव्हा उगवतो, केव्हा मावळतो आणि वर्षभरात दिवसाची लांबी कशी बदलते.

संक्रांत आली की दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेत आणखी एक वाक्य शिकलो. २१ किंवा २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. या दोन वाक्यांवरून आपण मनातल्या मनात एक निष्कर्ष काढून मोकळे होतो. सर्वांत लहान दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवत असणार आणि सर्वांत लवकर मावळत असणार. त्यानंतर दिवस वाढतो, म्हणजे सकाळही रोज थोडी लवकर होत असणार. ऐकायला अगदी बिनतोड वाटतं. पण प्रत्यक्षात तसं घडत नाही.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. आकडे एखाद्या मिनिटाने इकडे-तिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही. पुण्यात सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ५ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास. २२ डिसेंबरला तो ७ वाजून २ मिनिटांनी उगवतो आणि ६ वाजून ३ मिनिटांनी मावळतो. दिवस साधारण ११ तासांचा. आणि सर्वांत उशिरा सूर्योदय? तो २० जानेवारीच्या आसपास, ७ वाजून १० मिनिटांनी. म्हणजे सर्वांत लवकर होणारी संध्याकाळ, सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत उशिरा होणारी सकाळ या तिन्ही गोष्टी दोन महिन्यांत पसरलेल्या आहेत. उन्हाळ्यातही असंच. सर्वांत लवकर सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्यात, सर्वांत मोठा दिवस २१ जूनला, सुमारे सव्वातेरा तासांचा, आणि सर्वांत उशिरा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात. फक्त तेव्हा पावसाळी ढग असल्यामुळे आपल्या ते ध्यानात येत नाही.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत, ते आधी वेगळे करू. दिवस किती लांब आहे, हा पहिला प्रश्न. त्या दिवसाचा मध्य घड्याळात किती वाजता येतो, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून सूर्य सहा महिने उत्तरेकडे आणि सहा महिने दक्षिणेकडे सरकताना दिसतो. विषुववृत्तापासून जितकं दूर जावं, तितका दिवसाच्या लांबीतला फरक मोठा. कन्याकुमारीला मोठ्या आणि लहान दिवसात तासाभराचाच फरक असतो, पुण्यात सव्वादोन तासांचा. लंडनला डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही भरत नाही आणि जूनमधला साडेसोळा तासांच्या वर जातो. वाढही रोज सारखी नसते. २२ डिसेंबरच्या आसपास ती जवळजवळ थांबलेली असते, संक्रांतीला पुण्यात रोज सुमारे अर्धा मिनिट आणि मार्चच्या उत्तरार्धात रोज एक मिनिटाहून किंचित जास्त. तेव्हा ‘तिळातिळाने’ हा शब्द जानेवारीला अगदी चपखल बसतो!

आता दुसरा प्रश्न. सूर्य आकाशातल्या आपल्या सर्वोच्च जागी आला की आपण मध्यान्ह म्हणतो. हा मध्यान्ह पुण्यात घड्याळी बाराला कधीच होत नाही. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर ठरवलेली आहे. एका अंशाला ४ मिनिटं, या हिशेबाने पुणे सुमारे ३५ मिनिटं मागे आहे आणि मुंबई ३९ मिनिटं. याउलट गुवाहाटी पुढे आहे. तिथे जूनमध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरात संध्याकाळी साडेचारच्या सुमारास मावळतो. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी तासभर पुढची स्वतंत्र वेळ पाळली, ती यामुळेच.

हे ३५ मिनिटांचं अंतर तरी स्थिर असतं का? नसतं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या कक्षेतही पुढे गेलेली असते. म्हणून सूर्य पुन्हा माध्यान्हीला यायला तिला आणखी थोडं फिरावं लागतं. हे जास्तीचं फिरणं कधी कमी असतं, कधी अधिक. एक तर पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाही. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तिचा वेग सर्वांत जास्त असतो. दुसरं कारण पुन्हा अक्षाचा कल. डिसेंबरच्या अखेरीस ही दोन्ही कारणं एकाच दिशेने काम करतात आणि एका मध्यान्हापासून दुसरा मध्यान्ह यायला २४ तास आणि सुमारे ३० सेकंद लागतात. घड्याळाला मात्र फक्त २४ तास ठाऊक. मग मध्यान्ह रोज अर्ध्या मिनिटाने पुढे सरकतो. पुण्यात तो नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांनी होतो, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ४९ मिनिटांनी.

आता हिशेब मांडू. २२ डिसेंबर ते २० जानेवारी या काळात पुण्याचा दिवस सुमारे १० मिनिटांनी वाढतो. दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं. पण याच काळात अख्खा दिवस १३ मिनिटं पुढे सरकतो. म्हणून सूर्योदय ५ मिनिटं लवकर होण्याऐवजी ८ मिनिटं उशिरा होतो आणि सूर्यास्त १८ मिनिटं उशिरा. वाढलेला दिवस सगळा संध्याकाळच्या पदरात पडतो. सकाळच्या वाट्याला काहीच येत नाही.

न्यायदर्शनात याला एक नेमका शब्द आहे: उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरं. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. ‘दिवस मोठा, तर सूर्योदय लवकर’ यातही अशीच एक अट दडलेली आहे: मध्यान्ह जागचा हलत नसेल तर. ती अट आपण कधी उच्चारली नाही, म्हणून कधी तपासलीही नाही.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. सकाळी सातच्या शाळेचा विचार करा. पुण्यात सूर्योदय सातनंतर होण्याचा काळ १७ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि १९ फेब्रुवारीच्या सुमारास संपतो. म्हणजे सर्वांत लहान दिवसाच्या आधी जेमतेम पाच दिवस आणि नंतर तब्बल दोन महिने. ‘आता दिवस मोठा व्हायला लागला’ असं आपण कौतुकाने म्हणत असतो, तेव्हाच दप्तर घेऊन बसची वाट पाहणारं मूल डिसेंबरपेक्षा जास्त अंधारात उभं असतं. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते मुलांच्या झोपेचा विचार करून. पाचवीच्या पुढच्या मुलांची शाळा किती वाजता असावी, हे ठरवताना दिवसाची लांबी पाहून भागणार नाही. सूर्योदयाची वेळच पाहावी लागेल.

आणि घड्याळाचे काटे ही माणसांनी आपसांत केलेली सोय आहे. सूर्य काही त्या करारात सामील नाही. सोय आपण केली, म्हणून ती बदलणंही आपल्याच हातात आहे.

जाता जाता एक काम सांगतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दर रविवारी आपापल्या गावच्या सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ एका वहीत लिहा. दोन्हींची बेरीज करून तिचं अर्ध करा, की मध्यान्ह मिळेल. ६ वाजून ३ मिनिटं ही १८ वाजून ३ मिनिटं धरायची, एवढं मात्र विसरू नका. तीन महिन्यांत तो आकडा कसा चालतो, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.