संगणक गेला, दाखला वाचला

गेल्या पावसाळ्यात एका रात्री कर्जतला विजांचा कडकडाट झाला. दिवे गेले, आले, पुन्हा गेले आणि आमच्या घरातल्या जुन्या संगणकाने मान टाकली. संगणकाचे दुःख नव्हते. पण त्याच्या हार्ड डिस्कमध्ये आमच्या वडिलांच्या १९४६ सालच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत होती. मूळ कागद खालापूर तालुक्यातल्या गावच्या घरी केव्हाच वाळवीने खाल्ला होता.

या कागदाचे मोल आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० साली केंद्रानेही अनुसूचित जातीची मान्यता दिली. तरी जात पडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. मुलीचा प्रवेश तोंडावर आलेला. दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक मिळाला, तर शाळेतून नव्याने उतारा काढता येणार होता. पण तो क्रमांक कुणाच्याच लक्षात नव्हता.

एका दुकानदाराने "सगळे गेले, नवी डिस्क टाका" असा निकाल दिला. रविवारी खोपोलीहून आमचा भाचा लोकलने आला. तो संगणक दुरुस्तीचेच काम करतो. म्हणाला, "मामा, संगणक मेला म्हणजे डिस्क मेली असे नाही. एसएमपीएस जळाला तरी सगळे बंद पडते, आणि डिस्क आत धडधाकट असते."

त्याने चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली आणि अ‍ॅडॉप्टरने आपल्या लॅपटॉपला जोडली. मोठ्या डिस्कला वेगळी वीज द्यावी लागते, तीही दिली. अशा वेळी पडद्यावर कधी ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न येतो. तेथे ‘होय’ कदापि म्हणू नये.

डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारे हेड त्यांना न टेकता केसाहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. म्हणून टकटक वा खरखर आवाज आला तर डिस्क लगेच बंद करावी. पुरात भिजलेली डिस्क वीज लावून पाहू नये. घरी उघडू नये, फ्रीजमध्ये ठेवण्याचा तोडगाही करू नये. असे काम धूळविरहित प्रयोगशाळेतच होते व त्याला खर्च येतो. चुकून पुसलेली फाईल मात्र तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा शाबूत असते. तेव्हा त्या डिस्कवर नवे काही साठवू नये. नव्या एसएसडीत ही आशा फार कमी.

पण आधीच हात टेकू नयेत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती, ते आकाशात फुटले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या एका होरपळलेल्या डिस्कवरून तज्ज्ञांनी सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. आमची डिस्क तर नुसती अंधारात बसली होती.

फाईल उघडली. वडिलांचे नाव, जातीचा रकाना, कोपऱ्यात रजिस्टर क्रमांक. घरात क्षणभर कुणी बोलेना. आमच्या आजोबांनी गावकीची कामे करीत, अर्धपोटी राहून मुलाचे नाव शाळेत घातले होते. तेच नाव आता थेट त्यांच्या पणतीच्या कामी येत होते. पंधरा दिवसांत शाळेचा उतारा हाती पडला.

वाचकहो, एकच पेटी असली की वाळवीचे फावते, एकच डिस्क असली की विजेचे. या रविवारी घरातले दाखले काढा. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी भावाबहिणीच्या घरी ठेवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवा. भाचा प्रत्येकाच्या घरी वेळेवर येतोच असे नाही.