चष्मा शाबूत, नजर बंद

एका सेकंदात ८४ कोटी ठिपके. एचपी कंपनीचा ‘रिव्हर्ब जी२’ हा हेडसेट डोळ्यांवर चढवला की त्यातले दोन छोटे पडदे हे काम न थांबता करत राहतात. हिशेब सरळ आहे. प्रत्येक डोळ्यापुढे २१६० गुणिले २१६० पिक्सेलचा स्वतंत्र पडदा आणि सेकंदाला ९० वेळा नवे चित्र. २०२०च्या नोव्हेंबरात हे यंत्र बाजारात आले तेव्हा किंमत होती ५९९ डॉलर, आणि त्या किमतीत एवढे स्वच्छ चित्र दाखवणारे दुसरे यंत्र क्वचितच होते. घडवले एचपीने, भिंगे आणि कानाजवळचे स्पीकर व्हॉल्व्ह कंपनीचे, चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची. या तिसऱ्या भागीदाराकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

डोक्यावर पडदा बांधून खोट्या जगात शिरण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली असे यंत्र केले. ते इतके अवजड होते की छताला टांगावे लागे, आणि आत दिसत ते फक्त रेषांचे सांगाडे. घराघरांत पोचण्याजोगे हेडसेट आले २०१६ मध्ये, ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह. त्यांत डोळ्यामागे १०८० गुणिले १२०० पिक्सेल होते. भिंगाखाली तेवढे पिक्सेल अपुरे पडत, चित्रावर काळ्या रेषांची बारीक जाळी दिसे आणि अक्षरे फुटत. रिव्हर्बने हीच संख्या ३.६ पट केली. जाळी जवळपास गेली, आणि लहान अक्षर वाचता येऊ लागले.

म्हणून हे यंत्र सर्वांत आधी उचलले ते विमान उडवण्याच्या खेळाच्या शौकिनांनी. कॉकपिटमध्ये उंचीचा काटा वाचता आला नाही तर बाकी थाटाचा उपयोग काय? मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये २०२०च्या डिसेंबरात हेडसेटची सोय आली. या खेळातली पृथ्वी उपग्रहचित्रांवरून उभी केलेली असल्याने तिच्यात आपले पुसदही आहे. नांदेडहून उड्डाण घेतले तर पैनगंगेवरचा इसापूरचा जलाशय ओलांडून, डोंगरांच्या कड्यात बसलेल्या पुसदवर येता येते. पूस नदीचे वळण सापडते. घरे मात्र आपली नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक गावांतल्या इमारती संगणकाने छायाचित्रांवरून अंदाजाने रचलेल्या आहेत. स्वतःचे घर शोधायला गेलेल्या माणसाला जागा बरोबर मिळते, दार परक्याचे.

हे सगळे दाखवायची किंमत हेडसेटच्या किमतीत संपत नाही. रिव्हर्ब हा स्वतः विचार करणारा हेडसेट नाही. चित्र बनवतो तो टेबलावरचा संगणक. दर चित्रासाठी त्याच्या हाती जेमतेम अकरा मिलिसेकंद असतात. तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची चित्रे झाली नाहीत, तर मान वळते आणि जग मागे राहते. डोळे म्हणतात आपण हललो, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलेलोच आहोत, आणि या भांडणात पोट ढवळते. तेव्हा तगडे ग्राफिक्स कार्ड हवे, आणि त्यावर डिस्प्लेपोर्ट हवा. नुसत्या एचडीएमआयच्या लॅपटॉपवर हा हेडसेट चालत नाही. सहा मीटरची केबल पाठीमागे लोंबते ती वेगळीच.

खोलीत आपण कुठे आहोत हे ओळखायला हेडसेटच्या अंगावरच चार कॅमेरे आहेत, दोन समोर, दोन बाजूंना. भिंतीवर काही ठोकावे लागत नाही. पण या कॅमेऱ्यांना भिंत, खाट, कपाट दिसायला उजेड लागतो. संध्याकाळी लाईट गेली आणि संगणक यूपीएसवर तगला, तरी अंधारात हेडसेटची दिशा हरवते. शिवाय दोन डोळ्यांमधले अंतर जुळवणारा खटका ६० ते ६८ मिलिमीटरपर्यंतच सरकतो. ज्याचा चेहरा या मापाबाहेर, त्याला तेवढे पिक्सेल असूनही चित्र धूसर. आणि मापात बसणाऱ्यालाही भिंगाच्या मध्यभागीच खरी स्वच्छता मिळते. कडेचे पाहायचे तर नजर नव्हे, मान वळवावी लागते.

निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखतो. रिव्हर्ब देतो वीस-बावीस. म्हणजे ८४ कोटींच्या माऱ्यानंतरही माणसाच्या डोळ्याची एक-तृतीयांश पायरी. अशी यंत्रे म्हणूनच दर दोन-तीन वर्षांनी मागे पडतात, आणि त्यात गैर काही नाही. रिव्हर्बचे मात्र वय झाले नाही. त्याला बंद केले गेले.

मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजमध्ये ‘मिक्स्ड रिॲलिटी’ नावाचा भाग घातला होता. रिव्हर्ब त्याच्याच जोरावर चाले. २०२३च्या डिसेंबरात कंपनीने हा भाग आटोपता घेत असल्याचे जाहीर केले आणि २०२४च्या विंडोज ११ अपडेटमध्ये, म्हणजे २४एच२ मध्ये, तो काढूनच टाकला. अपडेट झाले आणि चार वर्षांपूर्वी घेतलेले, कुठेही न तुटलेले यंत्र निरुपयोगी झाले. पडदे ठीक, भिंगे ठीक, केबल ठीक. जुन्याच २३एच२ आवृत्तीवर राहाल तर ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानावरचे खेळ नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालतील, एवढी सवलत मिळाली.

विहिरीवरची मोटर जळाली तर पुसदमध्ये ती भरून मिळते. तिला कोणाची परवानगी लागत नाही, कारण तांब्याची तार कोणाच्या सर्व्हरवर नसते. हेडसेटचे तसे नाही. त्याला उघडून पाहण्यासारखे काही बिघडलेलेच नव्हते. मदत आली ती आतूनच. मायक्रोसॉफ्टमध्ये याच तंत्रावर काम केलेल्या एका अभियंत्याने २०२५ मध्ये ‘ओएसिस’ नावाचा ड्रायव्हर स्वतःच्या वेळात लिहून फुकट दिला. विंडोजच्या त्या काढलेल्या भागाला वळसा घालून तो हेडसेटला थेट स्टीमशी जोडतो. अट एकच, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे हवे. मेलेली यंत्रे पुन्हा चालू लागली, पण एका माणसाच्या सवडीवर.

हा परिचय पुसदच्या वाचकाला कामाचा आहे तो दोन कारणांनी. एक, असे हेडसेट आता जुन्या बाजारात येतात आणि पिक्सेल पाहून भुरळ पडते. दुसरे, आभासी यंत्रांवर वेल्डिंगसारखी कामे शिकवायचे प्रयोग आपल्याच राज्यात चालू आहेत. ठाण्याची अजनालेन्स कंपनी स्वतःचे हेडसेट घडवून हेच करते. पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आज ना उद्या इथल्याही एखाद्या प्रयोगशाळेत अशा यंत्रांची खरेदी निघेल. तेव्हा दरपत्रकात पिक्सेलच्या रकान्याआधी तीन रकाने हवेत. हे कोणत्या प्रणालीवर चालते? ती किती वर्षे चालू ठेवण्याचे लेखी दिले आहे? आणि कंपनीने हात काढला तर दुसऱ्या कोणाला ते चालवता येईल का? तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ असेल, तर ते यंत्र विकत घेतलेले नसते, भाड्याने आणलेले असते, आणि भाडे एकदम भरलेले असते. किमतीचा वाद मग त्याच हिशेबाने घालावा.