पवईचा ‘प्रथम’ आणि आकाशातले भंगार

चर्चगेट ते बोरीवली हे ३४ किलोमीटरचे अंतर कापायला जलद लोकललाही पाऊण-एक तास लागतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरणारा उपग्रह तेच अंतर पाच सेकंदांत तोडील! सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर हा त्याचा वेग. या वेगामुळेच तो खाली पडत नाही. आणि याच वेगामुळे तेथे सुपारीएवढा तुकडाही तोफगोळ्यासारखा घातक ठरतो.

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर ७९० किलोमीटर उंचीवर ‘इरिडियम ३३’ हा एका खाजगी कंपनीचा चालू उपग्रह आणि ‘कॉसमॉस २२५१’ हा १९९५ पासून मेलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. जमिनीवरून माग काढता येईल असे सुमारे दोन हजार तुकडे त्यातून निघाले.

मेलेला उपग्रह इतकी वर्षे वर राहतोच कसा, असे तुम्ही विचाराल. सारी गंमत उंचीत आहे. चारशे किलोमीटरवरही अतिशय विरळ हवा असते. ती उपग्रहाचा वेग हळूहळू खाते, आणि इंजिनाने मधूनमधून ढकलले नाही, तर तो एक-दोन वर्षांत खाली येऊन बहुतेक जळून जातो. स्पेसएक्स कंपनीने २०१९ पासून जे हजारो ‘स्टारलिंक’ उपग्रह सोडले, ते २०२५ पर्यंत बहुतेक साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास होते. तेथे हवेला हेच काम करायला काही वर्षे लागतात. सातशेच्या आसपास दशके, आणि हजारावर शतके!

आता आपल्या पवईकडे या. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ हा सुमारे दहा किलो वजनाचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३५ ने वर गेला. काम होते वातावरणातील इलेक्ट्रॉन मोजण्याचे, आयुष्य धरले होते चार महिन्यांचे. पण कक्षा मिळाली सुमारे पावणेसातशे किलोमीटरची, आणि खाली यायला स्वतःचे इंजिन नाही. त्या मुलांची कामगिरी मोठीच, पण हिशेब तुम्हीच करा.

बरे, आपोआप पडू द्यावे, तर पडणारे सगळेच जळत नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात जळते पट्टे दिसले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. ते चीनच्या अग्निबाणाचे असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

म्हणजे उतरण्याची सोय वर जातानाच बरोबर न्यायला हवी. इस्रोने हे करून दाखवले. १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणानंतर पीएसएलव्हीचा रिकामा चौथा टप्पा ६५० वरून ३५० किलोमीटरवर आणला. २१ मार्चला तो वातावरणात शिरून संपला.

लहान उपग्रहाला मात्र लहान इंजिन हवे. हायड्राझिन हे नेहमीचे इंधन फार विषारी असते. म्हणून आयआयटी मुंबईतूनच बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘मनस्तू स्पेस’ या कंपनीने हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारे इंजिन तयार केले. जखमेवर टाकताच फसफसते तेच हे रसायन, फक्त कितीतरी तीव्र! उत्प्रेरकाचा स्पर्श होताच त्याची तप्त वाफ आणि ऑक्सिजन होतो, आणि तो झोत उपग्रहाला ढकलतो. ३० डिसेंबर २०२४ रोजी हे इंजिन इस्रोच्या ‘पोएम-४’ वर बसून कक्षेत गेले. पोएम-४ चे उरलेले धूड ४ एप्रिल २०२५ रोजी हिंदी महासागरावर वातावरणात शिरले.