जहाजाला काय जमत नाही, ते आधी ठरवा

लेखमाला : कल्पनेतली यंत्रे – लेखांक ४

मागच्या लेखात विज्ञानकथेतल्या यंत्रांचा विचार झाला. आज त्याच यंत्रांना खेळात उतरवायचे आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार परिस्थिती सांगतो, बाकीचे कप्तान, अभियंता, वैद्य अशा भूमिका घेतात आणि ‘आता मी हे करतो’ असे म्हणत गोष्ट पुढे नेतात. निकाल अडला की फासे टाकतात. हा रोल-प्लेइंग गेम परदेशातून आला असला, तरी सांगली-माधवनगरच्या वाचकाला त्याची रीत परकी वाटू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभे केले तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आपापली भाषणे प्रसंग पाहून आयत्या वेळी करत. लिहिलेली संहिता नसताना हे निभावले, कारण रामायण सगळ्यांना ठाऊक होते. शिवधनुष्य कोणाला उचलेल आणि कोणाला नाही, यावर रंगमंचावर वाद होण्याची सोयच नव्हती. अंतराळयानाच्या खेळात असे सामाईक रामायण नसते. ती जागा यानाच्या तंत्रज्ञानाने भरून काढायची असते. म्हणून या लेखाचे म्हणणे असे, की पटण्याजोगे यान रचायचे तर त्याला काय काय करता येते याची यादी करण्याआधी त्याला काय जमत नाही आणि प्रत्येक करामतीची किंमत काय, हे ठरवावे लागते.

कथा आणि खेळ यांतला फरक इथे कळीचा आहे. कथेत यंत्राचा लगाम एकट्या लेखकाच्या हातात असतो. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत माणसांना क्षणात ग्रहावर उतरवणारे यंत्र आले, ते प्रत्येक भागात यान उतरवण्याचे चित्रण परवडत नव्हते म्हणून. पण संकटातून कोणालाही चुटकीसरशी उचलून नेणारे यंत्र हाताशी असले, की संकट टिकत नाही. मग लेखकांना ते यंत्र वेळोवेळी बंद पाडावे लागले. मालिकेत हे खपून जाते. खेळात मात्र समोर बसलेले चौघे पहिल्याच डावात विचारतात, ‘याच यंत्राने शत्रूच्या जहाजात थेट बॉम्ब का पाठवू नये?’ सूत्रधाराकडे उत्तर नसेल, तर ‘आज ते बिघडले आहे’ एवढेच त्याच्या हातात उरते आणि खेळाडूंचा विश्वास उडतो. मराठीत विज्ञानाशी इमान राखण्याचा आग्रह जयंत नारळीकरांनी धरला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, ती नावाच्या वजनावर नव्हे, तर कथेच्या गुणावर निवडली जावी म्हणून. खेळाच्या रचनाकारालाही नेमके हेच साधायचे असते. यंत्र टिकले पाहिजे ते स्वतःच्या तर्कावर, सूत्रधाराच्या अधिकारावर नव्हे.

तर मग एक यान घेऊ. वजन १,००० टन, माणसे १००. पहिली मर्यादा वस्तुमानाची. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले तेव्हा त्याचे वजन १,३३७ किलो होते आणि त्यातले ८५२ किलो निव्वळ इंधन होते. म्हणजे जे उडाले त्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग वाटेत जाळून टाकण्यासाठीच होता. आणि माणसे न्यायची म्हटली, की पाणी आले. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी गेली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. आपल्या यानातल्या १०० माणसांना पिण्या-धुण्याला माणशी दिवसाला काटकसरीने ४ लिटर धरले, तर तेवढे पाणी साडेतीन वर्षांच्या आत संपते. पण त्याचे वजन ५०० टन, म्हणजे निम्मे यान! आता दुसरी वाट पाहू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर मूत्र, घाम आणि श्वासातली वाफ धरून ९८ टक्के पाणी परत मिळवता येते, हे नासाने २०२३मध्ये जाहीर केले. तो हिशेब लावला तर त्याच प्रवासाला सुमारे १० टन पाणी पुरते. ४९० टन वाचले, पण फुकट नव्हे. आता शंभर जणांचा जीव एका शुद्धीकरण यंत्रावर, त्याच्या गाळण्यांवर आणि सुट्या भागांच्या कपाटावर टांगला गेला. खेळाला हवे असते ते नेमके हेच. ‘पाण्याचा प्रश्न सुटला’ असे सांगणारे यंत्र गोष्ट संपवते. ‘पाणी मिळेल, पण गाळण्या सहाच उरल्यात’ असे सांगणारे यंत्र गोष्ट सुरू करते.

हवेची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही आणि तिचा पुरावा माधवनगरपासून फार लांब नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खोल पेवे खणलेली आहेत. तोंड बंद केले की आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच पेव उघडल्यावर आतली हवा खेळती होईपर्यंत कोणी खाली उतरत नाही. हळद जी हवा टिकवते ती माणसाला मारते. बंद यानातही माणसाचा घात आधी होतो तो प्राणवायू संपून नव्हे, तर साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने. माणूस दिवसाकाठी साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. एप्रिल १९७०मध्ये अपोलो-१३च्या तिघा अंतराळवीरांना चांद्रयानाचा आसरा घ्यावा लागला तेव्हा प्राणवायू पुरेसा होता. संपत चालले होते ते हा वायू शोषणारे डबे, आणि मुख्य यानातले जादा डबे चौकोनी असल्याने चांद्रयानाच्या गोल खोबणीत बसत नव्हते. पुठ्ठा, प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून त्यांनी ते बसवले. कोणत्याही रचनाकाराने यातून एक धडा घ्यावा : डब्याचा आकार ही सटरफटर बाब नसते, ती कथानक असते.

आता सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित मर्यादा : उष्णता. पडद्यावरच्या यानातली माणसे जमिनीवर चालावे तशी चालतात, कारण इंजिन सतत जोर लावत असते, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. हिशेब करून पाहू. १,००० टनांच्या यानाला पृथ्वीच्या गुरुत्वाएवढे त्वरण द्यायचे, आणि इंजिनातून बाहेर फेकला जाणारा झोत सेकंदाला १०० किलोमीटर वेगाचा आहे असे मानायचे. आजच्या रासायनिक इंजिनांच्या झोतापेक्षा हा वेग वीस पटींहून जास्त आहे, म्हणजे आपण उदारच झालो आहोत. तरी दर सेकंदाला जवळजवळ १०० किलो द्रव्य बाहेर फेकावे लागते आणि त्या झोतात ओतायची शक्ती भरते सुमारे ४९० गिगावॉट. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे हे एक यान अडीचशे कोयना पोटात घेऊन निघाले. यातला फक्त एक टक्का उष्णता म्हणून यानाच्या अंगात मुरला, तरी अडीच कोयनांएवढी उष्णता बाहेर टाकत राहावी लागते.

‘अवकाश तर गारठलेले असते, मग उष्णतेची काय चिंता?’ हा आक्षेप हमखास येतो. पण अवकाश थंड आहे यापेक्षा ते रिकामे आहे हे महत्त्वाचे. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये पोकळी असते म्हणून तर चहा गरम राहतो. कारखान्यात तापलेले यंत्र थंड करायला हवा आणि पाणी असते. पोकळीत यातले काहीच नाही, उष्णता प्रारणानेच जाऊ शकते. म्हणून अवकाश स्थानकाला अमोनिया फिरवणारे मोठमोठे रेडिएटर लावावे लागले आहेत. आपल्या यानाचे रेडिएटर २७ अंश सेल्सिअसला ठेवले, तर दोन्ही बाजू धरून चौरस मीटरमागे सव्वाआठशे वॉटच्या आसपास उष्णता जाते. अडीच कोयनांसाठी मग साडेचौदाशे एकरांचे रेडिएटर लागतील. मात्र निसर्गाने एक सवलत ठेवली आहे. निरपेक्ष तापमान चौपट केले की प्रारण २५६ पट होते. रेडिएटर ९२७ अंशांपर्यंत तापवले, तर तेच काम पावणेसहा एकरांत होते. पण मग सगळी नळयोजना लालभडक तापलेली, तिच्यातून फिरायला पाणी नव्हे तर वितळलेला धातू लागणार, आणि असे यान कोट्यवधी किलोमीटरांवरूनही निखाऱ्यासारखे दिसणार. लपून हल्ला करण्याचा बेत तिथेच बारगळतो.

इथवर आल्यावर खेळ आपोआप रचला जाऊ लागतो. लढाईत रेडिएटर पसरलेले ठेवावेत, तर गोळ्यांना एवढे मोठे लक्ष्य. मिटून घ्यावेत, तर उष्णता आत साठते. किती वेळ साठवता येईल? मिरजेच्या गाडीतले सगळे ५ लाख लिटर पाणी यानात आहे असे समजा. पूर्ण जोरावर इंजिन चालले, तर ते पाणी २० अंशांवरून उकळीला यायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागेल. म्हणजे कप्तानाला इंजिनचा जोर कमी करावा लागेल, किंवा रेडिएटर उघडण्याचा धोका पत्करावा लागेल. हा निर्णय सूत्रधाराने लादलेला नाही, भौतिकशास्त्राने समोर ठेवलेला आहे. ‘हाय फ्रंटियर’ या पटावरच्या खेळात इंजिन आणि अणुभट्टीबरोबर रेडिएटरचीही पत्ती जमवावी लागते, ती याच कारणाने. नुसते जोरदार इंजिन हाताशी असून भागत नाही, त्याची उष्णता वाहून नेणारे कोणीतरी लागते.

यावर पहिला रास्त आक्षेप असा, की खेळायला बसलेल्यांना गणिताचा तास नको असतो. तो खराच आहे. पण गणित रचनाकाराने करायचे असते, खेळाडूने नव्हे. खेळाडूच्या कागदावर तीन रकाने पुरतात : साठा, उष्णता, वेळ. ‘रेडिएटर मिटले तर दर डावाला उष्णतेचे दोन गुण वाढतात, दहा झाले की इंजिन बंद’ एवढा नियम दहावीतल्या मुलालाही पुरे. त्यामागचा हिशेब खरा असला, की खेळाडूने शोधलेली प्रत्येक पळवाट सूत्रधाराला न घाबरता तपासता येते. हिशेब नसला, तर प्रत्येक वेळी नवा नियम जागेवर बनवावा लागतो आणि तो मागच्या नियमाशी भांडतो. गंमत मरते ती आकड्यांमुळे नव्हे, विसंगतीमुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आजचे अशक्य उद्या शक्य होते. मग आजच्या विज्ञानाच्या बेड्या तीनशे वर्षांनंतरच्या यानाला का घालायच्या? इथे दोन प्रकारच्या मर्यादा वेगळ्या कराव्या लागतात. धातू किती तापमान सोसेल, इंजिनचा झोत किती वेगाचा असेल, या कारागिरीच्या मर्यादा आहेत. त्या सरकत आल्या आहेत, सरकतीलही, आणि वरच्या हिशेबात आपण त्या खुशाल सरकवल्या. ऊर्जा शून्यातून येत नाही आणि उष्णता वाटेल तशी नाहीशी होत नाही, या मात्र वेगळ्या जातीच्या मर्यादा आहेत. त्यांतली एखादी मोडायचीच असेल, तर मोडावी, पण एकच आणि उघडपणे, तिची किंमत लावून. १९७७मध्ये आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळाने प्रकाशाहून वेगवान प्रवासाची थाप मारली. पण प्रत्येक झेपेला, अंतर कितीही असो, सुमारे एक आठवडा लागेल आणि जहाजाचा मोठा हिस्सा इंधनाच्या टाक्या खातील, हे ठरवून टाकले. शिवाय बातमीसुद्धा जहाजाच्याच वेगाने जाणार. एवढ्या एका अटीतून त्या खेळाचे सगळे राजकारण उगवले : राजधानीला दूरच्या बंडाची खबर महिन्यांनी लागते, म्हणून सरदारांना आपल्या जबाबदारीवर निर्णय घ्यावे लागतात. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर काय झाले हे नानासाहेब पेशव्यांना कळायला दहाएक दिवस गेले होते, हे आठवले की मराठी वाचकाला त्या साम्राज्याची नड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि जिथे थाप मारण्याची गरजच नाही, तिथे खरी मर्यादा पुरेशी नाट्यमय असते. २४ सप्टेंबर २०१४ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले तेव्हा तिथून संदेश यायला साडेबारा मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता. इंजिन पेटले की नाही, हे बेंगळुरूला कळेपर्यंत ते निम्मा वेळ जळून गेले होते. म्हणून सगळ्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. माणसांच्या यानात हाच उशीर कप्तानाला एकटे पाडतो. पृथ्वीला विचारून उत्तर येईतो संकट एकतर टळलेले असते किंवा ओढवलेले. भूमिकांच्या खेळाला याहून चांगली परिस्थिती कोणती हवी? निर्णय टेबलावरच घ्यावा लागतो, आणि तो घेणारी माणसे समोरच बसलेली असतात.

तेव्हा यान रचायला बसणाऱ्याने चित्रे काढण्याआधी एक कागद घ्यावा. यानाचे वजन, माणसे, पाणी, हवा, उष्णता आणि संदेशाचा उशीर यांचे आकडे त्यावर मांडावेत. मग ठरवावे, की आपल्याला एकच खोटे बोलायची मुभा असेल तर ती कुठे खर्च करायची, आणि त्या खोट्याची किंमत तीन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात पडेल. किंमत कुठेच पडत नसेल, तर ते यंत्र खेळातून काढून टाकावे, मग ते कितीही देखणे असो. पुढच्या लेखात याच यानावर शेती करायला घेऊ : शंभर माणसांचे अन्न पिकवायला किती गुंठे, किती उजेड आणि किती नत्र लागेल, आणि त्या शेतीची उष्णता पुन्हा कोणाच्या माथी येईल.