मत्स्यपेटीचे पाळीपत्रक



कामगार चळवळीतल्या माणसाने मत्स्यपेटीवर बोलावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु विषय खरे म्हणजे पाळीपत्रकाचा आहे. कोणी केव्हा कामावर यावे, केव्हा सुटावे, आणि मुकादम गैरहजर असला तर कोणी काय करावे, हे कागदावर नीट उतरविणे हे आमच्या कामातले मोठे काम. समुद्रातील मासे आणि प्रवाळ घरच्या काचपेटीत जगवावयाचे, तर नेमके हेच करावे लागते. फरक एवढाच की, येथले कामगार म्हणजे दिवे, पंप आणि हीटर.

उदाहरणासाठी अमेरिकेतील नेपच्यून सिस्टिम्स ह्या कंपनीचा ‘एपेक्स’ नावाचा नियंत्रक घेऊ. त्याला घड्याळ आहे. पाण्याचे तापमान आणि आम्लता मोजणाऱ्या कांड्या आहेत. आणि वायरने जोडलेली, विजेच्या आठ सॉकेटांची एक पट्टी आहे. एका सॉकेटावर एक यंत्र, आणि प्रत्येक सॉकेटाला त्याचा स्वतंत्र हुकूमनामा. दिव्याचा हुकूमनामा असा असतो:

सेट ऑफ
इफ टाइम १०:०० टू २०:०० देन ऑन

पहिली ओळ सांगते, एरवी बंद राहा. दुसरी सांगते, सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत चालू राहा. येथवर कोणासही जमते. अडचण पुढे येते. दिव्याने पाणी तापते. म्हणून पाणी २८ अंशांच्या वर गेले तर दिवा बंद व्हावा, अशी तिसरी ओळ हवी: ‘इफ टेम्प > २८.० देन ऑफ’. ही ओळ कोठे लिहावी?

सगळे मर्म ह्या प्रश्नात आहे. नियंत्रक ओळी वरून खाली वाचतो, पुनःपुन्हा वाचतो, आणि त्या क्षणी ज्या ओळी लागू पडतात त्यांतली शेवटची मानतो. तापमानाची ओळ वेळेच्या ओळीच्या वर लिहिली, तर भर दुपारी पाणी तापल्यावर आधी ‘बंद’ आणि लगेच खाली ‘चालू’ असे दोन्ही हुकूम लागू होतील. खालचा जिंकेल, आणि दिवा तापलेल्या पाण्यावर जळत राहील. एकही शब्द चुकलेला नसेल, तरी प्रवाळ मरतील. करारात आपण ‘वरील कलमांत काहीही असले तरी’ म्हणून जे कलम घालतो, ते येथे सर्वांत खाली लिहावयाचे.

हीटरची गोष्ट निराळी. त्याला ‘इफ टेम्प < २५.० देन ऑन’ आणि ‘इफ टेम्प > २५.५ देन ऑफ’ अशा दोन ओळी पुरतात. मधल्या अर्ध्या अंशात दोन्हींपैकी एकही लागू नसते, म्हणून हीटर आधीच्या स्थितीत राहतो आणि क्षणाक्षणाला चालूबंद होत नाही. मात्र वर सवयीने ‘सेट ऑफ’ लिहिले, तर हा मधला अवकाश नाहीसा होतो.

रात्रपाळीही असते. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. पाण्यात कर्बवायू साठतो आणि पाणी आम्लतेकडे झुकते. म्हणून पेटीखालच्या टाकीत शेवाळ वाढवून त्यावरचा दिवा उलट वेळेला, २०:०० ते १०:०० लावतात. शेवाळ तो वायू शोषून घेते.

काही कामगारांना उशिरा यावयास सांगावे लागते. मासे खात असताना पाणी वर चढविणारा पंप थोडा वेळ थांबवितात. त्या वेळी वरचे पाणी खालच्या टाकीत उतरते आणि तेथली पातळी चढते. पंप सुरू होताच फेसातून घाण काढणारा स्किमर त्याच क्षणी चालला, तर चढलेल्या पाण्याने तो उतू जातो. म्हणून त्याच्या हुकूमनाम्यात ‘डिफर ००५:०० देन ऑन’ लिहावे. म्हणजे तो पाच मिनिटे थांबून कामाला लागतो.

आता मुकादमच नाहीसा झाला तर? पट्टीचा नियंत्रकाशी संबंध तुटला, तर काय करावे हे ‘फॉलबॅक’ ही ओळ सांगते. ती प्रत्येक यंत्रासाठी वेगळा विचार करून लिहिली पाहिजे. पाणी फिरविणारा पंप चालूच राहावा. पाणी निश्चल झाले की प्राणवायू विरघळणे मंदावते आणि मासे गुदमरतात. बाष्प होऊन गेलेल्या पाण्याची भरपाई करणारा पंप मात्र बंद व्हावा. नाही तर गोडे पाणी येतच राहील, खारेपणा उतरेल आणि शेवटी घरात पूर येईल. हीटरला स्वतःचा थर्मोस्टॅट असेल आणि तो किंचित वर लावलेला असेल, तर चालू ठेवता येतो. नसेल तर बंदच बरा.

आणखी एक जागा सांभाळावी. प्रत्येक सॉकेटाला ऑटो, ऑन, ऑफ अशा तीन अवस्था आहेत. सफाईच्या वेळी हाताने ‘ऑन’ केले आणि तसेच राहिले, तर तळाशी लिहिलेले संरक्षणाचे कलमही वाचले जात नाही. काम संपले की ‘ऑटो’वर आणावे.

हे सारे लिहून झाल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. तापमानाची कांडी कोमट पाण्याच्या पेल्यात धरावी आणि दिवा खरोखर विझतो का, ते पाहावे. पट्टीची नियंत्रकाकडे जाणारी वायर काढावी आणि एकेक यंत्र मोजावे: कोण चालू राहिले, कोण थांबले. आपण जागे आणि जवळ असताना हे पाहून घ्यावे.

कामगाराला पाळी सोसेनाशी झाली, तर तो निवेदन देतो, सभा भरवितो, प्रसंगी संप करतो. माशाला ह्यांतले काही करता येत नाही. त्याची तक्रार आपल्याला कळते ती सकाळी, तो पाण्यावर तरंगताना दिसतो तेव्हा. म्हणून त्याच्या वतीने ती तक्रार आपणच आधी मनात मांडावी, आणि तिला उत्तर म्हणून हुकूमनाम्याची शेवटची ओळ लिहावी.