सरोवराकाठी भोजन : आन्सी व पवई

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या आठव्या इयत्तेची सहल पवईच्या तलावावर गेली होती. काठाने फिरणे झाले, मगरींपासून सावध राहण्याची सूचना सर्वांनी मोठ्याने वाचली, आणि दुपारी मंडळी जवळच्याच एका खानावळीत जेवावयास बसली. तळलेल्या बांगड्याचे ताट पुढे येताच एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा मासा या तलावातला का?" वाढणारा हसून म्हणाला, "नाही बाळ, बांगडा समुद्राचा. तलावातला मासा आम्ही आणत नाही." मुलाने पुन्हा विचारले, "का?" त्यावर वाढणारा काही न बोलता पुढच्या ताटाकडे वळला. आम्हीही त्या वेळी विषय बदलला. परंतु प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य होते. ते राहून गेलेले उत्तर आज या लेखाच्या रूपाने देत आहोत.

उत्तरासाठी प्रथम वाचकांस थोडे दूर न्यावे लागेल. फ्रान्स देशाच्या पूर्वेस, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, आन्सी नावाचे एक नगर आहे. त्याच्या पुढ्यात सुमारे 27 चौरस किलोमीटर विस्ताराचे निळे सरोवर पसरलेले असून त्यातून निघणारा थियू नदीचा प्रवाह जुन्या वस्तीच्या मधून वाहतो. हा सावोय प्रांत 1860 साली फ्रान्सला जोडला गेला. महाराष्ट्रास हे नगर अगदीच परके नाही. एकोणिसाव्या शतकात आन्सीहून आलेल्या धर्मोपदेशकांनी नागपुरास शाळा काढल्या, आणि तेथील कित्येक मराठी मुलांनी त्यांच्या हाताखाली अक्षरे गिरविली. या नगरी काही दिवस पाहुणे म्हणून राहण्याचा योग आम्हांस आला होता.

परक्या गावी भूक लागली म्हणजे मनुष्य थोडासा भितो. भाषा येत नाही, दर ठाऊक नसतो, काय खाण्यात येईल याची शंका असते. म्हणून तेथील चार गोष्टी प्रथम सांगतो. पहिली वेळेची. दुपारचे जेवण सामान्यतः बारा ते दोन या वेळातच मिळते. अडीच वाजता गेल्यास पुष्कळ ठिकाणी चूल निवालेली असते. दुसरी शिष्टाचाराची. आत शिरताच "बाँझुर", म्हणजे नमस्कार, म्हटल्यावाचून काही मागू नये. तसे मागणे उद्धटपणाचे समजतात. तिसरी दराची. खाद्यपदार्थांचे दरपत्रक दाराबाहेर लावणे तेथे कायद्याने आवश्यक आहे, म्हणून खिशाचा विचार उंबरठ्याबाहेरच करून घेता येतो. सेवेचा आकार दरातच धरलेला असतो. जेवणाबरोबर पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई मागितल्यास निराळे पैसे पडत नाहीत. चौथी गोष्ट हिशेबाची. आपण मागितल्यावाचून वाढपी हिशेबाचा कागद आणीत नाही. त्यात आळस नसून पाहुण्यास उठविणे बरे नव्हे ही भावना असते.

शब्दांचाही एक घोटाळा होतो. आपण "मेन्यू" म्हणतो ती पदार्थांची यादी. फ्रेंच लोक त्या यादीस "कार्त" म्हणतात. त्यांच्याकडे "मेन्यू" म्हणजे ठरावीक किमतीत मिळणारे दोन-तीन वाढींचे पूर्ण जेवण. आपल्या उडपी उपाहारगृहातील राइस प्लेटचाच तो भाऊबंद होय. निरनिराळे पदार्थ मागविण्यापेक्षा हे स्वस्त पडते, आणि त्यात त्या दिवशी ताजे जे असेल तेच असण्याचा संभव अधिक.

आता ताटाकडे वळू. त्या डोंगरांत रब्लोशों नावाचे एक मऊ चीज होते. त्याच्या नावाची कथा मोठी गमतीची आहे. पूर्वी गुराख्यांस दुधाच्या प्रमाणात जमीनदारास खंड द्यावा लागे. मोजणीच्या दिवशी ते गाय अर्धवट पिळीत, आणि मोजणारा निघून गेला की पुन्हा पिळीत. या दुसऱ्या पिळण्यास त्यांच्या बोलीत जो शब्द आहे, त्यावरून चीजला हे नाव मिळाले. हे चीज बटाट्यावर घालून भाजलेला पदार्थ, तार्तिफ्लेत, पर्यटकांस फार आवडतो. मात्र त्यात बहुधा डुकराचे मांस असते. वितळलेल्या चीजच्या फोंद्यूत पांढरे मद्य घालतात. शाकाहारी व मद्यवर्ज्य करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विचारून घ्यावे. विचारण्यात लाज नाही; न विचारता नंतर पस्तावण्यात मात्र दुःख आहे.

परंतु आन्सीस गेलेला पाहुणा विशेषेकरून मागतो तो सरोवरातला मासा. फेरा आणि ओंब्ल शव्हालिये हे तेथील दोन नामांकित मासे होत. सरोवरात धंद्यासाठी जाळे टाकणारे परवानाधारक कोळी मोजकेच आहेत, त्यामुळे मासा थोडा आणि मान मोठा. लोण्यात परतून त्यावर लिंबू पिळलेला फेरा आम्ही खिडकीशी बसून खाल्ला. खिडकीबाहेर तेच पाणी होते, ज्यातून तो निघाला होता. पुढ्यातील सुरईतही, वाढप्याने सांगितले, त्याच सरोवराचे पाणी होते. कारण त्या नगराच्या नळास पाणी सरोवरातूनच येते.

वाचकांस वाटेल, त्या देशाचे भाग्यच थोर! परंतु ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास हेच सरोवर बिघडू लागले होते. काठच्या गावांचे आणि वाढत्या हॉटेलांचे सांडपाणी त्यात जाई. सर्वेताझ नावाच्या एका डॉक्टरांनी धोक्याची सूचना दिली. आरंभी ती सर्वांस रुचली नाही, तरी 1957 साली काठच्या ग्रामसंस्थांनी एकत्र येऊन एक मंडळ स्थापन केले. 1962 पासून सरोवराभोवती कड्यासारखी नळवाहिनी घालण्याचे काम सुरू झाले. गावोगावचे सांडपाणी तिच्यातून वाहून नेऊन दूर शुद्ध करावयाचे, आणि सरोवरात त्याचा थेंब पडू द्यावयाचा नाही, अशी ती योजना. हे काम अनेक वर्षे चालले आणि पैसाही पुष्कळ लागला. आज युरोपातील अत्यंत स्वच्छ सरोवरांत त्याची गणना होते. आमच्या ताटातील फेरा हा त्या नळवाहिनीचा प्रसाद होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता पवईकडे परत येऊ. पवईचे नाव अन्नाच्या इतिहासात एके काळी मानाचे होते. येथील सहा-सात गावांची जहागीर फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांकडे होती. त्यांनी येथे मळे लावले, आणि 1838 साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीस पवईचे आंबे आगबोटीने पाठविले. तलाव त्यानंतरचा. मुंबईस पाण्याची टंचाई भासू लागली तेव्हा मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून 1890–91 च्या सुमारास तो निर्माण करण्यात आला. म्हणजे हे सरोवर मुळी पिण्याच्या पाण्यासाठीच जन्मास आले! परंतु 1892 साली तानसाचे पाणी मुंबईस पोहोचले. पवईचे पाणी पिण्यास योग्य नाही असे ठरले, आणि तलाव मागे पडला. पुढे भोवतालच्या टेकड्या फुटल्या, 1958 साली स्थापन झालेली तंत्रज्ञानाची विख्यात संस्था काठी उभी राहिली, आणि शतकाच्या अखेरीस उंच इमारतींचे नवे नगर वसले. वस्तीबरोबर सांडपाणी आले, डोंगर उतारावरचा गाळ आला आणि पाण्यावर जलपर्णी पसरली. तलावात रोहू आहे, कटला आहे, हौशी गळकरीही आहेत; परंतु "पवईच्या तलावाचा मासा" अशी पाटी कोणत्याही खानावळीवर आम्हांस आढळली नाही. विद्यार्थ्याच्या "का?" या प्रश्नाचे उत्तर हेच होय.

मग पवईस गेलेल्या पाहुण्याने जेवावे तरी काय? उपाशी राहण्याचे कारण नाही. सकाळी रस्त्याच्या कडेस वडापाव व कटिंग चहा मिळतो. दुपारी उडपी उपाहारगृहात राइस प्लेट घ्यावी, अथवा मालवणी खानावळीत बांगडा किंवा सुरमई व सोलकढी घ्यावी. नव्या वस्तीतील थाटाच्या उपाहारगृहांत इटलीपासून चीनपर्यंतचे पदार्थ मिळतात. तेथे मात्र आन्सीचा धडा स्मरून दरपत्रक आधी वाचावे. आणि ज्यांस पवईच्या भूमीची जुनी चव घ्यावयाची असेल त्यांनी साष्टीतील ईस्ट इंडियन घराण्याशी स्नेह जोडावा. मराठी बोलणारे हे येथील जुने ख्रिस्ती रहिवासी. उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात मिरच्या व नाना तऱ्हेचे जिन्नस वाळवून, भाजून, कुटून मसाला करतात आणि काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. म्हणून त्यास बाटली मसाला म्हणतात. नाताळच्या दिवशी त्यांच्या घरी हलके फुलके फुगे आणि या मसाल्याचे कालवण पानात पडते. ही चव हॉटेलात क्वचितच मिळते. ती मिळते पाहुणा होऊन उंबरठा ओलांडला म्हणजे.

येथे पाहुण्याच्या धर्माविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. आपण ज्या काठी जेवतो त्या काठाचे आपणही काही देणे लागतो. सहलीच्या दिवशी आमच्याच मुलांपैकी काहींनी खाऊचे कागद पाण्याच्या कडेस टाकले होते, आणि ते उचलावयास लावताना आम्हांसही थोडी लाज वाटली. कारण सकाळी त्याविषयी सूचना देण्यास आम्हीच विसरलो होतो. कागद उचलल्याने तलाव शुद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. त्यास आन्सीप्रमाणे नळवाहिनी, पैसा व काठच्या सर्वांची एकजूट लागेल. परंतु आन्सीची नळवाहिनीही प्रथम एका मनुष्याच्या डोक्यात आणि मग काठच्या गावांच्या सभांत तयार झाली, जमिनीत ती नंतर गेली.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी उद्या कोणी अभियंता होईल, कोणी नगरसेवक होईल, कोणी खानावळ चालवील. पालकांसही आमची विनंती आहे की, सुटीच्या दिवशी मुलांस पवईस न्यावे, काठावर बसून डबा सोडावा, आणि पाण्याकडे बोट दाखवून हे सारे त्यांस सांगावे. आठवीतल्या त्या मुलाचा मुलगा जेव्हा त्याच काठी जेवावयास बसेल, तेव्हा त्याने विचारलेल्या प्रश्नास वाढणाऱ्याने "होय बाळ, याच तलावातला" असे उत्तर द्यावे, एवढीच आमची इच्छा आहे.